पायथनसोबत येणारा टेस्ट सूट: विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही सांभाळणाऱ्यांसाठी परीक्षण

गोव्यात पायथन लिहिणाऱ्या छोट्या चमूंसमोर बहुतेकदा एकच चित्र असतं. गिऱ्हाईक म्हणजे फोंड्याची पतसंस्था, म्हापशाचं औषधांचं दुकान किंवा कळंगुटचं हॉटेल, आणि त्यांच्या टेबलावर विंडोज. सर्व्हर लिनक्सचा. कोड लिहिणाऱ्यांपैकी निदान एकाकडे मॅक. कोड तोच, पण तिन्ही ठिकाणी तो सारखा वागेल याची हमी कोण देणार? या प्रश्नावरचं सगळ्यांत अनुभवी साधन पायथनसोबत फुकट येतं, तरी ते उघडून पाहणारे थोडे. ते साधन म्हणजे पायथनचा स्वतःचा टेस्ट सूट, म्हणजे पायथन नीट चालतो का ते तपासणाऱ्या टेस्टचा संच: 'टेस्ट' नावाचं पॅकेज, तो चालवणारा 'रेगरटेस्ट' आणि 'टेस्ट.सपोर्ट'मधले मदतनीस. हे परीक्षण ३.१३ आणि ३.१४ या आवृत्त्यांचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. ओएसमधले (ऑपरेटिंग सिस्टिममधले) फरक हाताळायचे कसे हे शिकण्यासाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही. गिऱ्हाइकाच्या मशिनची तपासणी करायलाही ते उत्तम. मात्र स्वतःच्या प्रकल्पात थेट इंपोर्ट करायला ते अजिबात योग्य नाही. या तिसऱ्या मुद्द्यावर बरेच जण फसतात, त्याचं कारण पुढे येईल.

मिळवायचं कसं

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये ऐच्छिक भागांच्या पानावर टेस्ट सूटची चौकट असते, ती टिकलेली ठेवा. झिपमध्ये येणाऱ्या 'एम्बेडेबल' पायथनमध्ये सूट नसतो. उबुंटू आणि डेबियनवर तो 'लिबपायथन३-टेस्टसूट' या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेला आहे. पायथनच्या अधिकृत डॉकर इमेजमधून तर आकार कमी करण्यासाठी टेस्टचे फोल्डर काढूनच टाकलेले असतात. त्यामुळे कंटेनरमध्ये 'पायथन -एम टेस्ट' चाललं नाही तर इन्स्टॉल बिघडलंय असं समजू नका. आणखी एक गोष्ट: ३.१३ ला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८. एखाद्या कचेरीत जुना डेस्कटॉप अजून चालू असेल तर हा प्रश्न टेस्टच्याही आधी सोडवावा लागेल.

सगळा सूट चालवायचा तर 'पायथन -एम टेस्ट -जे०'. '-जे०' दिलं की मशिनमध्ये जितके कोअर आहेत त्या हिशेबाने समांतर प्रोसेस उघडतात. गिऱ्हाइकाच्या मशिनवर सगळा सूट चालवण्याची गरज नसते. 'टेस्ट_ओएस', 'टेस्ट_पाथलिब', 'टेस्ट_टेंपफाइल', 'टेस्ट_सबप्रोसेस', 'टेस्ट_लोकेल' आणि 'टेस्ट_झोनइन्फो' एवढी नावं पुढे जोडली आणि '-व्ही' दिलं की पुरे. त्याच्याही आधी 'पायथन -एम टेस्ट.पायथनइन्फो' चालवून त्याचं आउटपुट मागवून घ्या. लोकेल कोणतं, फाइल सिस्टिमचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) काय, एन्व्हायर्नमेंटमध्ये काय आहे, ओपनएसएसएलची आवृत्ती कोणती, सगळं एका यादीत हाती येतं. फोनवर अर्धा तास प्रश्न विचारून एवढी माहिती मिळत नाही.

पावसाळ्यात वीज जाते आणि सूट मधेच बंद पडतो. मग टेंप फोल्डरात 'टेस्ट_पायथन_' ने सुरू होणारे फोल्डर उरतात. '--क्लीनअप' दिलं की ते साफ होतात. स्वतःच्या हाताने टेंप फोल्डर रिकामा करायला जाऊ नका, त्यात दुसऱ्या प्रोग्रॅमच्या उघड्या फाइल असू शकतात.

खरी किंमत कुठे आहे

ओएसप्रमाणे टेस्ट वेगळी वागवायची म्हटलं की बहुतेकांचा हात 'सिस.प्लॅटफॉर्म'कडे जातो. 'विन३२' असेल तर स्किप, काम संपलं. (६४ बिटच्या विंडोजवरही हे मूल्य 'विन३२'च असतं, हे नव्या माणसाला सांगून ठेवा.) पायथनच्या सूटमध्येही अशा ओळी भरपूर आहेत आणि काही ठिकाणी त्या योग्यच आहेत. 'ओएस.फोर्क' विंडोजवर नाहीच, तिथे नाव विचारलं तरी चालतं. पण बहुतेक फरक ओएसच्या नावामागे नसतात. ते फाइल सिस्टिममध्ये, वापरकर्त्याच्या अधिकारांत आणि सेटिंगमध्ये असतात. म्हणून या सूटच्या 'ओएस_हेल्पर' मॉड्यूलमध्ये नावाऐवजी क्षमता तपासली जाते, आणि तीही खरोखर करून बघून.

सिमलिंकचं, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावाचं, उदाहरण घ्या. विंडोजवर सिमलिंक होत नाही असं सर्रास म्हटलं जातं, ते बरोबर नाही. विंडोज १० वर डेव्हलपर मोड चालू असेल किंवा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर सिमलिंक होते. नाहीतर १३१४ क्रमांकाची एरर येते, म्हणजे अधिकार नाही. 'कॅन_सिमलिंक' हे फंक्शन टेस्टच्या जागी एक सिमलिंक बनवून बघतं, जमलं तर खूण करून ठेवतं, आणि ती सिमलिंक लगेच पुसून टाकतं. उत्तर लक्षात ठेवलं जातं, त्यामुळे दर टेस्टला हा उद्योग होत नाही. नाव बघून स्किप केलं असतं तर डेव्हलपर मोड चालू असलेल्या प्रत्येक विंडोजवर ही टेस्ट विनाकारण गाळली गेली असती आणि तिथला खरा बग कोणाला दिसला नसता.

हीच पद्धत लहान-मोठ्या अक्षरांच्या बाबतीत. मॅकवर एपीएफएस ही फाइल सिस्टिम मुळात अक्षरभेद न मानणारी असते, पण भेद मानणारा व्हॉल्यूमही बनवता येतो. उलट लिनक्सवर पेन ड्राइव्ह लावला तर तो भेद मानत नसेल. म्हणून 'एफएस_इज_केस_इनसेन्सिटिव्ह' हे फंक्शन फोल्डरचं नाव मागतं, ओएसचं नाही. त्या फोल्डरात एक तात्पुरती फाइल बनवतं, नावातली लहान अक्षरं मोठी (किंवा मोठी लहान) करतं आणि दोन्ही पाथ एकाच फाइलकडे जातात का ते बघतं.

परवानग्यांचंही तसंच. परवानग्या बदलणाऱ्या 'चमॉड'ने फाइल फक्त वाचण्यापुरती करायची आणि मग लिहायला गेल्यावर एरर येते का बघायचं, ही टेस्ट कंटेनरमध्ये हमखास पडते. कारण कंटेनरमध्ये आपण बहुधा रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) असतो, आणि रूटला या परवानग्या आड येत नाहीत. ओएस लिनक्सच आहे, तरी टेस्ट एका लिनक्सवर पास आणि दुसऱ्यावर फेल! सूटमध्ये यासाठी 'स्किप_इफ_डॅक_ओव्हरराइड' आहे, तोही प्रत्यक्ष करून बघणारा. विंडोजवर 'चमॉड' फक्त रीड-ओन्लीची खूण लावतो किंवा काढतो, बाकीचे बिट तो मनावर घेत नाही, त्याचीही सोय 'स्किप_अनलेस_वर्किंग_चमॉड'मध्ये केलेली आहे.

विंडोजवर फाइल पुसणं

विंडोजच्या टेस्ट कधी पास कधी फेल होण्यामागे सर्वांत मोठं कारण हे. लिनक्सवर उघडी फाइलसुद्धा पुसता येते: नाव जातं, मजकूर शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत राहतो. विंडोजवर दुसऱ्या कोणी फाइल धरून ठेवली असेल तर ३२ क्रमांकाची एरर येते. धरून ठेवणारा आपलाच कोड असेल असं नाही. अँटिव्हायरस आणि शोधासाठी सूची बनवणारी सेवा या दोघी नवी फाइल दिसली की तिच्यावर झडप घालतात. कधीकधी पुसण्याचा आदेश यशस्वी होतो आणि तरी नाव थोडा वेळ फोल्डरात दिसत राहतं. मग फोल्डर पुसायला गेलं की १४५ क्रमांकाची एरर, म्हणजे फोल्डर रिकामा नाही.

'ओएस_हेल्पर'मधले 'अनलिंक', 'आरएमडिर' आणि 'आरएमट्री' यावर समजूतदार उपाय करतात. पुसल्यानंतर नाव खरंच गेलं का ते बघतात. नसेल गेलं तर एक मिलिसेकंद थांबतात, मग दोन, मग चार, असं दुप्पट करत एकूण साधारण एका सेकंदापर्यंत. तरीही गेलं नाही तर टेस्ट फेल न करता वॉर्निंग देतात. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. थांबण्याची मुदत ठरावीक अर्ध्या सेकंदाची नाही, त्यामुळे वेगवान मशिनवर वेळ फुकट जात नाही. आणि साफसफाईतली अडचण मूळ टेस्टच्या निकालात मिसळलेली नाही.

'नेम्डटेंपररीफाइल'चं दुखणं याच कुळातलं. ती उघडी असताना त्याच नावाने पुन्हा उघडायला गेलं की विंडोजवर परवानगी नाकारली जाते. ३.१२ पासून 'डिलीट_ऑन_क्लोज=फॉल्स' देता येतं, म्हणजे आधी बंद करा, पुन्हा उघडा, आणि 'विथ'चा ब्लॉक संपताना फाइल पुसली जाईल. त्याआधीच्या आवृत्त्यांवर सरळ तात्पुरता फोल्डर बनवून त्यात साधी फाइल ठेवा.

देवनागरी: इथे टेस्टचा डेटा महत्त्वाचा

गोव्यात काम करणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत जास्त कामाचा, म्हणून जरा सविस्तर.

इंग्रजी विंडोजवर एन्कोडिंग न सांगता 'ओपन' वापरलं तर पायथन ३.१४ पर्यंत बहुतेक ठिकाणी १२५२ हे कोड पेज, म्हणजे अक्षरांना बाइट नेमून देणारा विंडोजचा जुना तक्ता, लागतं. या कोड पेजमध्ये पोर्तुगीज अक्षरं आहेत: टिल्ड असलेला 'ए', खाली शेपूट असलेला 'सी', सगळी. सां जुझे दे आरियलचं पोर्तुगीज लेखन किंवा एखाद्या ख्रिस्ती गिऱ्हाइकाचं आडनाव त्यात बिनचूक लिहिलं जातं आणि वाचलं जातं. टेस्टच्या डेटात फक्त अशीच नावं असतील तर सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात. पहिलं देवनागरी नाव लिहायला घेतलं की एरर.

लिहिताना निदान एरर तरी येते. वाचताना प्रकरण जास्त वाईट होतं. लिनक्सवर यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली फाइल विंडोजवर १२५२ समजून वाचली तर काय होतं ते गोव्याच्या १२ तालुक्यांच्या नावांवर बघा. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी हे पाच बाइट रिकामे आहेत. देवनागरीतल्या हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, 'झ'चा ९डी, 'ए'चा ८एफ. म्हणजे नावात जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार असेल तर पायथन एरर देऊन थांबतो. बार्देश, सत्तरी, सासष्टी आणि मुरगाव या चार नावांवर तो थांबेल. पेडणे, तिसवाडी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण ही आठ नावं मात्र कोणतीही तक्रार न करता कचरा म्हणून वाचली जातील, आणि तो कचरा डेटाबेसमध्ये जाऊन बसेल.

म्हणून टेस्टच्या डेटात 'पणजी' किंवा 'मडगाव' असं सोपं नाव ठेवून भागत नाही. ती दोन्ही नावं एररशिवाय बिघडणाऱ्यांत मोडतात. 'म्हापसा' हवंच, आणि 'पणजी'ही हवं. पहिलं वाचताना एरर येते का बघायला, दुसरं वाचून झाल्यावर मूळ मजकुराशी तंतोतंत जुळतं का बघायला. एरर आली नाही म्हणजे पास, असं मानणारी टेस्ट इथे काहीच सिद्ध करत नाही.

पायथनमधली दोन हत्यारं इथे उपयोगी पडतात. '-एक्स वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग' हा पर्याय ३.१० पासून आहे. तो दिला की एन्कोडिंग न सांगता उघडलेल्या प्रत्येक फाइलची वॉर्निंग मिळते, आणि ती लिनक्सवरही मिळते, त्यामुळे हा बग शोधायला विंडोजची वाट बघावी लागत नाही. दुसरं, 'पायथनयूटीएफ८=१' हे एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून आणि न ठेवून दोन्ही तऱ्हांनी टेस्ट चालवा. ३.१५ पासून यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय ठरवलेला आहे, पण गिऱ्हाइकांकडे जुन्या आवृत्त्या अजून कैक वर्षं राहणार.

स्क्रीनवरचं छापणं वेगळं. विंडोजच्या कन्सोलवर ३.६ पासून देवनागरी नीट जाते. तेच आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये वळवलं की पुन्हा १२५२. त्यामुळे हाताने चालवली की पास आणि सर्व्हरवर आपोआप चालली की फेल, असा प्रकार होतो. सबप्रोसेस वापरणाऱ्या टेस्टमध्ये तर आउटपुट बहुधा पाइपमधूनच येतं.

फाइलच्या नावांचा प्रश्न मजकुरापेक्षाही सूक्ष्म आहे. 'शेतकऱ्यांची_यादी' या नावातला 'ऱ' तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, एकच चिन्ह: ०९३१. दोन, साधा 'र' आणि खाली नुक्ता: ०९३० आणि ०९३सी. तीन, 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखेच. युनिकोडच्या नियमानुसार पहिले दोन समान आहेत, तिसरा नाही. लिनक्सवर आणि विंडोजच्या एनटीएफएसवर या तीन नावांच्या तीन वेगळ्या फाइल बनतील. मॅकवर एपीएफएस पहिल्या दोघांना एकच मानते, म्हणून दोनच बनतील, आणि पहिल्या रूपाच्या फाइलचा मजकूर दुसऱ्या रूपाच्या फाइलने खोडलेला असेल. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसवर तर फाइलचं नाव सुटं करूनच साठवलं जाई, म्हणजे ०९३१ देऊन बनवलेली फाइल यादीत दोन चिन्हांची होऊन परत येई.

पायथनचा सूट यासाठी 'टेस्टएफएन' हे नाव वापरतो. त्यात '@टेस्ट' नंतर प्रोसेसचा क्रमांक असतो, म्हणजे समांतर टेस्ट एकमेकींच्या फाइलवर पाय देत नाहीत. आणि 'टेस्टएफएन_युनिकोड'मध्ये मुद्दाम आस्कीबाहेरची अक्षरं असतात, मॅकवर ती आधी सुटी केली जातात. मात्र ती अक्षरं युरोपीय लिप्यांची आहेत. 'ऱ' त्यात नाही. ही उणीव आपली आपण भरून काढायला हवी: स्वतःच्या प्रकल्पात तिन्ही रूपांची नावं ठेवा, आणि नावं पडताळताना आधी 'युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ'ने एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक केलेल्या) रूपात आणा. तिसरं रूप त्यानेही बदलत नाही, त्यासाठी अदलाबदलीची ओळ वेगळी लिहावी लागते. 'ॲ'चंही लक्षात ठेवा. ०९७२ हे एक चिन्ह आणि 'अ' अधिक चंद्र ही जोडी, युनिकोडच्या दृष्टीने हे दोन वेगळे मजकूर आहेत.

नावाची लांबीही बघा. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा. देवनागरीतलं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ घटकांची, म्हणजे तिथे २५५ देवनागरी चिन्हं बसतात. एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्याच्या फाइलला गावाचं, मालकाचं आणि सर्व्हे क्रमांकाचं नाव जोडणारा प्रोग्रॅम विंडोजवर बिनबोभाट चालेल आणि लिनक्स सर्व्हरवर 'नाव फार लांब' म्हणून पडेल. एरवी विंडोज कडक आणि लिनक्स सैल असतं, इथे बरोबर उलट. अख्ख्या पाथसाठी मात्र विंडोजची २६० ची जुनी मर्यादा अजून आड येते. रजिस्ट्रीत 'लाँगपाथ्सएनेबल्ड' चालू केल्याशिवाय ती हटत नाही.

वेळ आणि प्रोसेस

इथे थोडक्यात. विंडोजवर 'टाइम.टीझेडसेट' नाही, म्हणून सूटमधल्या टाइमझोन बदलून बघणाऱ्या टेस्ट तिथे स्किप होतात. विंडोजकडे टाइमझोनचा आयएएनए डेटाही नसतो, 'टीझेडडेटा' पॅकेज घातलं नाही तर 'आशिया/कोलकाता' सापडत नाही. दिवसाच्या आकड्यापुढचं शून्य काढण्यासाठी 'स्ट्रएफटाइम'मध्ये उणे चिन्ह वापरलं असेल तर ते लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजवर एरर येते. सरळ तारखेतला दिवसाचा आकडा घेऊन छापा, तिन्हीकडे सारखं येईल.

'मल्टिप्रोसेसिंग'मध्ये नवी प्रोसेस सुरू करण्याची मूळ पद्धत विंडोजवर 'स्पॉन', मॅकवर ३.८ पासून 'स्पॉन', लिनक्सवर ३.१३ पर्यंत 'फोर्क' आणि ३.१४ पासून 'फोर्कसर्व्हर'. मॉड्यूलमधल्या ग्लोबल बदलांवर विसंबलेली टेस्ट आजवर लिनक्सवर पास होत होती, ती ३.१४ वर पडली तर कारण इथे शोधा. 'सबप्रोसेस'ने उघडलेली प्रोसेस 'टर्मिनेट' केल्यावर लिनक्सवर परतीचा कोड उणे १५, विंडोजवर १. सॉकेटच्या फाइलचा पाथ लिनक्सवर १०८ बाइट, मॅकवर १०४; मॅकचा टेंप फोल्डर मुळातच लांब असल्यामुळे ही मर्यादा लवकर गाठली जाते.

'स्लीप' घालून वाट बघणाऱ्या टेस्ट मंद मशिनवर पडतातच. सूटमध्ये 'स्लीपिंग_रिट्राय' आहे: अट पुरी होईपर्यंत १० मिलिसेकंदांपासून दुप्पट होत थांबतो. सोबत ३० सेकंदांची छोटी आणि पाच मिनिटांची मोठी मुदत ठरवून दिलेली आहे. आकडे कोडमध्ये ठिकठिकाणी विखुरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

स्किपचा हिशेब

रेगरटेस्टची आवडलेली गोष्ट म्हणजे साधनांची कल्पना. नेटवर्क, ऑडिओ, जीयूआय, मोठ्या फाइल अशा प्रत्येक खर्चिक गोष्टीला नाव दिलेलं आहे आणि '-यू'ने ती मागावी लागते. २.५ जीबीची फाइल बनवणारी 'टेस्ट_लार्जफाइल' लिनक्सवर तशीच चालते, कारण तिथे फाइल पोकळ बनते आणि डिस्क खात नाही. विंडोज आणि मॅकवर ती खरोखर जागा आणि वेळ खाते, म्हणून तिथे 'लार्जफाइल' मागितल्याशिवाय चालत नाही. ओएसमधला फरक इथे बरोबर-चूक असा नसून खर्चाचा आहे, आणि तो तसाच मांडलेला आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट: टेस्टने चालू फोल्डर, एन्व्हायर्नमेंट किंवा लोकेल बदलून तसंच सोडलं तर तिच्यापुढे 'एन्व्ह चेंज्ड' असा शेरा येतो. '--फेल-एन्व्ह-चेंज्ड' दिलं तर परतीचा कोड ३ मिळतो. एकही टेस्ट चालली नाही तर ४. हा ४ मोलाचा, कारण टेस्ट निवडताना चूक होऊन एकही टेस्ट सापडली नाही तर निकाल हिरवा दिसत नाही.

आता तक्रारी. '-व्ही' दिल्याशिवाय मॉड्यूलच्या आतली कोणती टेस्ट कोणत्या कारणाने स्किप झाली ते दिसत नाही, आणि '-व्ही' दिलं की आउटपुटचा डोंगर. पायटेस्ट या दुसऱ्या टेस्ट साधनात '-आरएस' दिलं की शेवटी स्किपची कारणं ओळीने मिळतात, ते इथे असायला हवं होतं. कारणांचे संदेशही कधी नेमके, कधी 'आवश्यक' एवढ्यावरच थांबणारे.

मोठी तक्रार ही की 'टेस्ट.सपोर्ट' फक्त पायथनच्या अंतर्गत वापरासाठी आहे, असं दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं असूनही लोक ते इंपोर्ट करतात. ३.९ आणि ३.१० मध्ये त्याचे तुकडे होऊन 'ओएस_हेल्पर', 'सॉकेट_हेल्पर', 'इंपोर्ट_हेल्पर', 'थ्रेडिंग_हेल्पर' अशी वेगळी मॉड्यूलं झाली आणि जुनी नावं मोडली. पुढेही मोडतील, आणि दोष पायथनचा नसेल. वर सांगितलेल्या कंटेनरमध्ये तर ते मॉड्यूल नसणारच. योग्य रस्ता असा: हवं ते फंक्शन वाचा, दहा-वीस ओळींचं असतं, लायसन्सचा उल्लेख ठेवून आपल्या 'कॉन्फटेस्ट'मध्ये (पायटेस्टच्या सामायिक फाइलमध्ये) उतरवून घ्या. पायटेस्टच्या 'स्किपइफ'ला 'सिस.प्लॅटफॉर्म'ची अट देण्याऐवजी त्या फंक्शनचं उत्तर द्या. ज्या टेस्ट विंडोजवर आज पडतात पण उद्या दुरुस्त व्हायच्या आहेत त्यांना स्किप न करता 'एक्सफेल' (फेल होणं अपेक्षित) आणि 'स्ट्रिक्ट=ट्रू' द्या; बग दुरुस्त झाला की टेस्ट स्वतःच ओरडून सांगते. स्किप केलेली टेस्ट कधीच काही सांगत नाही.

मॅक नसलेल्यांसाठी

तिन्ही मशिनं प्रत्येकाकडे असणं शक्य नाही. गिटहब ॲक्शन्स या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सेवेवर उघड्या रिपॉझिटरीला तिन्ही ओएसची मशिनं फुकट मिळतात, आणि मॅट्रिक्समध्ये तीन नावं लिहिली की काम होतं. 'फेल-फास्ट' मात्र 'फॉल्स' करा. मुळात ते चालू असतं, त्यामुळे विंडोजवर एक टेस्ट पडली की मॅकचं काम अर्ध्यात रद्द होतं आणि बग एकट्या विंडोजचा आहे की दोघांचा ते कळत नाही.

तिथल्या दोन खोड्या माहीत असाव्यात. विंडोजच्या मशिनवर टेंपचा पाथ 'रनर~१' अशा जुन्या आखूड रूपात येतो आणि 'रिझॉल्व्ह' केल्यावर पूर्ण नावात बदलतो. मॅकवर '/व्हार' हे '/प्रायव्हेट/व्हार'कडे जाणारं सिमलिंक आहे. दोन पाथ मजकूर म्हणून ताडून बघणारी टेस्ट दोन्हीकडे पडते. आधी दोन्ही बाजू रिझॉल्व्ह करा किंवा 'सेमफाइल' वापरा. शिवाय विंडोजवर कमांड मुळात पॉवरशेलमध्ये चालतात. लिनक्ससाठी लिहिलेली ओळ तशीच चालवायची तर 'शेल: बॅश' लिहावं लागतं, म्हणजे ती गिटसोबत आलेल्या बॅशमध्ये चालते. आणि गिट विंडोजवर ओळींची टोकं बदलू शकतं, म्हणून 'गिटॲट्रिब्यूट्स'मध्ये टेस्टच्या डेटा फाइलना 'ईओएल=एलएफ' लावून ठेवा. नाहीतर बाइट मोजणारी टेस्ट प्रत्येक ओळीमागे एक बाइट जास्त दाखवेल.

ही मशिनं स्वच्छ असतात आणि रोज नवी असतात. गिऱ्हाइकाकडचा अँटिव्हायरस, त्याचं बंद असलेलं डेव्हलपर मोड, त्याच्या खात्याचे अपुरे अधिकार तिथे नसतात. त्यामुळे नवी आवृत्ती बसवण्याआधी वर दिलेल्या सहा टेस्ट आणि आपल्या स्वतःच्या टेस्ट गिऱ्हाइकाच्या एका खऱ्या मशिनवर, त्याच्याच रोजच्या खात्यातून, ॲडमिनिस्ट्रेटर न होता चालवून घ्या.